रेल म्हणजे पूर

अहो,

आयुष्यभर गल्लीला शिकवलंत की आपत्ती बहुतेक वेळा सांगूनच येते, आपलं लक्ष नसतं एवढंच. आणि स्वतः जाताना? दुपारी भाकरी खाल्लीत, वाटीभर ताक मागितलंत, "थोडा पडतो" म्हणालात, आणि मी वाटी विसळून येईपर्यंत गेलात. ना शिट्टी, ना भोंगा. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसणार. तेव्हा मला तुमचा असा राग आला होता! तेरवी होऊन चार दिवस झाले, तरी थोडा शिल्लक आहे. पण त्रास झाला नाही हे ऐकून जिवाला जी शांती मिळाली, तीही खरीच आहे. राग आणि शांती एकाच घरात राहू शकतात हे मला या वयात कळलं.

येत्या रविवारी तुमचं पुराचं ड्रिल. पावसाळ्याआधीचा रविवार, नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात भोंगा आणि नवागामची आपली अख्खी गल्ली तुमच्या तालावर जिने चढते-उतरते, हे इतकी वर्षं चाललंय की लोकांना ते सणासारखं झालंय. परवापासून जो येतो तो तेच विचारतो. यंदा होणार का? आणि झालं तर करणार कोण? कालपर्यंत मी कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. का दिलं नव्हतं ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या दोन्ही ड्रिलना मी खाली उतरलेच नव्हते.

आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मीही ते पुरं करायची घाई केली नाही. वाटलं, आहेतच की हे, कुठे जातायत.

भांडणाचं मूळ म्हणजे ती गोष्ट. गोष्ट माझी, सांगायचात तुम्ही, हसायची गल्ली.

आपलं लग्न होऊन दोन महिने झाले होते. बुलढाण्याकडच्या खेड्यातून मी थेट सुरतेत येऊन पडले होते. गुजरातीचा गंध नाही. तुम्ही बमरोलीच्या कारखान्यातून यायचात ते कानात मागांचा खडखडाट घेऊनच, मी काही बोललं की तुमचं एकच उत्तर, "काय?" मग मी बोलणंच सोडलं. जशुबेनच्या घरात तळमजल्याची खोली भाड्याने होती. सासूबाई त्या आठवड्यात भुसावळच्या गाडीने यायच्या होत्या, आणि नव्या सुनेने स्टेशनवर जावं की घरीच स्वयंपाक करून वाट बघावी, या काळजीने माझी झोप उडाली होती.

त्या सकाळी पाऊस उघडायचं नाव घेईना. तुम्ही कामाला गेला होता. अचानक जशुबेन जिन्यात उभं राहून ओरडायला लागल्या, "रेल आवे छे! बधा उपर चालो, जल्दी!"

त्यातला मला एकच शब्द कळला. रेल. म्हणजे गाडी आली! सगळं घर गच्चीकडे धावत होतं, त्याचंही मला नवल वाटलं नाही. गच्चीवरून रूळ दिसायचे. म्हटलं, गाडी बघायला चाललेत. मी लग्नातली साडी नेसले, थर्मासमध्ये चहा भरला, छत्री घेतली आणि उधना स्टेशनच्या वाटेला लागले. वरून जशुबेन जीव तोडून हाका मारत होत्या, "वहु, उपर आव! अरे वहु!" मी मान वर करून त्यांना हात केला, आणि सासूबाईंना घेऊन लगेच येते, असं मराठीत सांगितलंसुद्धा.

रस्त्यावर पाणी घोट्याएवढं होतं, मग पोटरीएवढं, मग गुडघ्याला लागलं. मला वाटलं, सुरतेत पाऊस असाच पडत असेल. लोक डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं घेऊन समोरून येत होते आणि मी एकटी त्यांच्या उलट, थर्मास छातीशी धरून. खाडी उलटली आहे हे मला कोण सांगणार? सांगितलं असतं तरी ते गुजरातीतच सांगितलं असतं. तेवढ्यात समोरून तुम्ही आलात, सायकल खांद्यावर घेतलेली.

"कुठी चालली व तू?"

"रेल आली म्हन्ते नं जशुबेन. आत्याबाई येतीन. त्यायले घ्याले चालली."

तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा तुम्ही हसला नाहीत. सायकल तिथेच सोडून दिलीत, नवी सायकल, माझं मनगट धरलंत आणि कुणाच्या तरी तीन मजली घरात मला ओढत नेलंत. जिन्यात दम खात म्हणालात, "रेल म्हंजे पूर, येडे. इथं पुराले रेल म्हन्तात."

अनोळखी लोकांच्या त्या गच्चीवर ताडपत्रीखाली आपण दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत होतो. माझा थर्मास झाकण-झाकण करून सगळ्यांनी वाटून घेतला. खाली पाणी, वर पाऊस, आणि कारखाना बंद म्हणून तुमच्या कानांत खडखडाट नाही. मी पहिल्यांदा तुमच्याशी पोटभर बोलले. तुम्ही ऐकत होता. माहेरची, शाळेची, मी मॅट्रिकला गणितात कशी काठावर पास झाले त्याची, सगळी कथा तिथे झाली. सासूबाईंची गाडी नंदुरबारलाच थांबवली होती, त्या तिथूनच गावी परतल्या, हे नंतर कळलं. लोक त्या पुराचं नाव काढलं की हात जोडतात. मीही जोडते. पण माझं लग्न खरं लागलं ते त्या गच्चीवर, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

संध्याकाळी भीती उतरल्यावर तुम्हाला हसू फुटलं, ते पुढे कितीतरी वर्षं आवरलंच नाही. गल्लीत माझं नाव पडलं रेलवाली वहिनी. मग रेलवाली काकी. आता नव्या पोरांना तर नावामागचं कारणही माहीत नाही. त्यांना वाटतं माझ्या माहेरी कुणीतरी रेल्वेत होतं.

पण त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात एक किडा शिरला होता. तळमजला सोडून वरच्या मजल्यावर खोली घेतलीत, तरी तो निघाला नाही. पुढे स्वयंसेवकांसाठी तीन दिवसांचं शिबिर निघालं तर तुम्ही पगारी सुट्टी टाकून गेलात. येताना जाकीट, शिट्टी आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आलात. आपत्ती व्यवस्थापन! झोपेतही पाठ म्हणता येईल इतक्यांदा ते मला वाचून दाखवलंत. नैसर्गिक आपत्ती: पूर, भूकंप, चक्रीवादळ, दुष्काळ, उष्णतेची लाट. मानवनिर्मित: आग, वायुगळती, चेंगराचेंगरी, इमारत कोसळणं. मग आपत्तीच्या आधी काय, चालू असताना काय, नंतर काय. मी पोळ्या लाटत हुं हुं करायची. दूध उतू गेलं की विचारायची, "अहो, ही कोणत्या रकान्यातली?" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "मानवनिर्मित. निष्काळजीपणा." माझी बहीण येणार असं पत्र आलं की म्हणायचात, "चला, पूर्वसूचना तरी मिळाली."

त्या दोन रकान्यांवरून आपण किती वाद घातलेत! मी म्हणायची, पूर तो पूर, आभाळातून पडलेलं पाणी, नैसर्गिक. तुम्ही म्हणायचात, पाऊस आभाळातून पडला हे कबूल, पण खाडीत चिंध्या आणि कापडाचे तुकडे काय आभाळातून पडले? त्याच चिंध्यांनी पुलाखालचं नाळं तुंबलं, म्हणून पाणी घरात आलं. मग पुस्तकात दोन रकान्यांच्या मध्ये पेनाने रेघ मारून तुम्ही तिसरा रकाना केलात, "मिळून केलेल्या". त्यात पहिली आपली खाडी. उन्हाळ्यात पत्र्याच्या कारखान्यात माणसं भोवळ येऊन पडायची, ती उष्णतेची लाटही तुम्ही तिकडेच सरकवलीत. पत्रा काय सूर्याने टाकला, म्हणून. हळूहळू पहिला रकाना जवळपास रिकामा झाला, भूकंप एकटा उरला. त्यावरही तुम्ही म्हणायला लागलात की घर पडतं ते भूकंपाने की सिमेंट कमी घातल्याने. मी म्हटलं, आता एवढा तरी देवाच्या नावावर राहू द्या. तो वाद तसाच राहिला आहे. पुस्तक कपाटात आहे आणि भूकंप अजून पहिल्याच रकान्यात आहे, मी हलवणार नाही.

तुमचं मला सगळ्यात काय आवडायचं सांगू? मोठे शब्द तुम्ही गल्लीपर्यंत येऊ दिले नाहीत. कुणी विचारलं, दादा, व्यवस्थापन म्हणजे काय, तर तुम्ही खालच्या नीलाबाईंच्या सासऱ्यांकडे बोट दाखवायचात. धुळ्याकडचं ते कुटुंब, म्हातारबा अर्धांगाने खाटेवर. तुम्ही म्हणायचात, "पाणी आल्यावर ह्यायले कोन उचलन, हे पाणी याच्या आंधीच ठरवनं, याले व्यवस्थापन म्हन्तात." आणि ठरवलंतही. दोन नावं, ती नसतील तर आणखी दोन. कोण कुणाचं मेन स्विच बंद करणार, सिलिंडरचं बटण कोण फिरवणार, कुणाच्या कपाटातली कागदं प्लास्टिकच्या पिशवीत कुठे ठेवलेली आहेत, पाणी उतरल्यावर तारेला हात लावायचा नाही, पाणी उकळून प्यायचं, चिखल काढायच्या आधी पायात काहीतरी घालायचं. चांगली धुतलेली चादर आणि दोन बांबू यांची डोली करून तुम्ही मला त्यात बसवून चार जिने उतरवलं होतंत. मी ओरडत होते, बायका टाळ्या वाजवत होत्या.

मग काही वर्षांपूर्वी खाडी पुन्हा उलटली. तुमची शिट्टी वाजली आणि चहाला उकळी यायच्या आत तळमजला रिकामा झाला. म्हातारबा डोलीतून वर आले ते पानाची चंची मागतच. फक्त कोपऱ्याच्या खोलीतले चार ओडिया कामगार आले नाहीत. रात्रपाळी करून झोपलेले. तुम्ही भोंग्यावरून मराठी, हिंदी, गुजराती सगळं ओरडून पाहिलंत. शेवटी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन दार ठोठावलंत आणि एकेकाला हाताला धरून आणलंत. ओले चिंब होऊन वर आलात आणि पहिला प्रश्न त्यांना काय विचारलात? टॉवेलसुद्धा मागितला नाहीत. विचारलंत, "तुम्हारे में पानी आता है उसको क्या बोलते?" ते म्हणाले, बढी. दुसऱ्या आठवड्यात जिन्याच्या भिंतीवर तुम्ही रंगाने चार शब्द लिहिलेत: रेल, बाढ, पूर, बढी. खाली लिहिलंत, सगळ्यांचा अर्थ एकच, वर चला.

तुमचा मुद्दा बरोबर होता. इशारा देणाऱ्याने दिला म्हणून काम होत नाही, तो ऐकणाऱ्याला कळला तर होतं. आणि हे पटवायला तुमच्याकडे माझ्यासारखं दुसरं उदाहरण नव्हतं. म्हणून दर ड्रिलची सुरुवात माझ्यापासून. "आमच्या घरची एक गोष्ट सांगतो," असं तुम्ही म्हणालात की जुनी माणसं आधीच हसायला लागायची. लग्नातली साडी आली की बायका, थर्मास आला की पुरुष. मी तिथेच उभी असायचे, मीही हसायचे. पहिली काही वर्षं खरंच हसले. मग नुसते दात दाखवायला लागले. माणूस साठीला आला तरी वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा बावळटपणा त्याला चिकटलेलाच राहावा, हे मला आतून लागायचं. सोसायचं म्हणून सोसलं.

कामरेजला आपल्या लेकीच्या, वर्षाच्या घरी वास्तुशांत होती, तिथे ते बाहेर आलं. तिच्या सासूबाईंनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ह्याच त्या, पुरात पाव्हण्यांना आणायला निघालेल्या." सगळे हसले. वर्षाही हसली. परतताना बसमध्ये मी तुमच्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर म्हटलं, "पुन्हा ती गोष्ट सांगितलीत तर मी ड्रिलला खाली उतरणार नाही. माझं हसं करून तुमची शाळा चालणार असेल तर मला नको ती शाळा."

तुम्ही म्हणालात, "बरं."

बस, एवढंच. "बरं" म्हणजे सांगणार नाही, की "बरं" म्हणजे नको उतरू? मी विचारलं नाही. मला वाटलं, ज्याला समजायचं त्याला समजलं. रविवार आला. मी वरच थांबले, खिडकी लोटून घेतली. शिट्टी वाजली, भोंगा खरखरला, तुमचं "आमच्या घरची एक गोष्ट सांगतो" अर्धं ऐकू आलं आणि मग खालून तोच हशा. अगदी तोच. मी खिडकीची कडी लावली. पुढच्या वर्षीही तसंच. हशा आला तेव्हा मी मिक्सर लावून बसले होते, कारण नसताना. त्या दोन्ही वेळी मी तुमच्याशी तीन-तीन दिवस धड बोलले नाही. भाकरी वाढली, ताक दिलं, बोलले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. चाळीस वर्षांचा संसार असा, की माणसं एकमेकांचं मौनसुद्धा ओळखतात असं समजून चालतात. त्यातली निदान दोन वर्षं मी चुकीचं ओळखलं होतं.

काल दुपारी नीलाबाई वर आल्या. सोबत त्यांच्या शेजारच्या खोलीत नवीन आलेली मुलगी होती, नांदेडकडची, लग्न होऊन महिनाही झाला नसेल. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत दारातच उभी राहिली. नीलाबाई म्हणाल्या, "वहिनी, रविवारले ड्रिल शे का नही ते सांगा. हाई पोरले गुजराती येत नही. हिना घरवाला दिवसभर पांडेसराले. पानी उनं तं हिले कोन सांगी?"

मी म्हटलं, करा की तुम्ही सगळे मिळून. भोंगा घेऊन जा, शिट्टी घेऊन जा. तुमच्या दादांची ती गोष्ट तर सगळ्यांना पाठच आहे. शेवटचं वाक्य जरा तिरकस गेलं माझ्याकडून.

नीलाबाई म्हणाल्या, "कोनती गोष्ट?"

"तीच. मी थर्मास घेऊन निघाले ती."

"ती कव्हानी बंद करी टाकी दादानी," त्या म्हणाल्या. "दोन साल व्हयनात. आते ते सोतानी चूक सांगेत."

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्या पोरीला समजावं म्हणून हळूहळू सांगितलं. तुम्ही भोंगा हातात घेऊन म्हणायचात, आमच्या घरची एक गोष्ट सांगतो, एक मूर्ख माणूस होता. सुरतेत चार वर्षं राहिलेला. पुराला इथे रेल म्हणतात हे त्याला चांगलं ठाऊक. खोली तळमजल्यावर, खाडी दोन गल्ल्यांवर, हेही ठाऊक. गावाहून नवी बायको आणली. तिला बाजार दाखवला, देऊळ दाखवलं, आणि एवढा एक शब्द सांगायला विसरला. मग तुम्ही त्या मूर्खाची नक्कल करायचात, सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून बायको शोधत फिरणारा, येईल त्याला विचारणारा, पिवळ्या साडीतली बाई पाहिली का म्हणून. लोक त्याला हसायचे. तुम्ही सगळ्यांना हसू द्यायचात आणि शेवटी म्हणायचात, "चूक तिची नोयती. मले शब्द ठाऊक होता. म्या तिले सांगतलाच नाई."

म्हणजे मला शोधत फिरत होता? मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही कामावरून परतत होता आणि मी वाटेत सापडले. तुम्हीच तसं सांगायचात. तुमचा कारखाना बमरोलीला, आणि मी तुम्हाला भेटले स्टेशनच्या वाटेवर, हे दोन रस्ते एक नाहीत एवढी गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नाही. नीलाबाई म्हणाल्या, तुम्ही आधी घरी गेला होता, मग दुसऱ्या वाटेने स्टेशनपर्यंत बघून उलटे येत होता. जशुबेनने तुम्हाला गच्चीवरून सांगितलं होतं की वहू हात करून हसत स्टेशनकडे गेली.

अहो, हे घरी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? अख्ख्या गल्लीसमोर भोंग्यातून माफी मागितलीत, आणि ज्या बाईची मागायची ती वर खिडकीला कडी लावून मिक्सर फिरवत बसलेली. ऐकणाऱ्याला कळेल असा इशारा द्यावा, हे दुनियेला शिकवणारा माणूस! पण तुम्हाला तरी काय बोलू. मी खिडकी उघडी ठेवली असती तर ऐकू आलं असतं. मी एकदा विचारलं असतं, खाली एवढं काय हसत होते, तर तुम्ही सांगितलं असतंत. कदाचित "बरं" म्हणजे तेच होतं आणि तुम्हाला वाटलं असेल, हिला कुणीतरी सांगितलं असणार. गल्लीला वाटलं, हिला ठाऊकच असणार. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. रेलसारखंच की हे.

काल त्या दोघी गेल्यावर मी खूप रडले. तेरवीपर्यंत मला नीट रडू आलं नव्हतं. दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही गेल्याचं दुःख माझ्याजवळ राहील, त्याला जागा केली आहे. पण माझ्यावर हसणारा नवरा गेला असं समजून मी उरलेले दिवस काढले असते, ते आता काढावे लागणार नाहीत. वर्षाचा फोन आला होता. म्हणाली, "मम्मी, हवे तू कामरेज आवी जा." मी म्हटलं, पावसाळा होऊ दे. गल्ली सोडून आत्ता येता येणार नाही.

आज सकाळी नीलाबाईंना कळवलं आहे. रविवारी ड्रिल होणार, मी करणार. तुमचं जाकीट मला ढगळ होतं, बाह्या दुमडून घेतल्या. शिट्टी वाजवून पाहिली तर पहिल्यांदा नुसता वारा निघाला, मग जमलं. नांदेडच्या त्या मुलीला अगदी पुढे बसवणार आहे, आणि तिच्या नवऱ्याला तिच्या शेजारी. एक सुट्टी टाक म्हणून त्याला निरोप गेला आहे.

गोष्ट मी सांगेन. दोघांचीही चूक सांगेन, काही लपवणार नाही. आधी तुमची.